नव्या स्पीकरवर डबा वाजला

भुताखेतावर माहा कधीच इश्वास नव्हता. जवानीपासून लग्नाले, भागवताले भोंगे लावले, मसनाच्या बाजूनं वायरी वढल्या... कोनी भेटलं नाई. मेलं ते गेलं, अशा मताचा मानूस मी. शाळा चौथीपर्यंतच झाली, तवा लिवण्यात चुकलं तर समजून घ्या. पन खोटं लिवत नाई.

मी केळझरचा. बायको, सुमन, मागल्या साली गेली. तिचा आवाज आता एकाच कॅसेटवर हाये. पोरगा लहान होता तवा घरी बायापोरींची भुलाबाईची गानी झाली, ते मीच टेप केली होती. गानी झाली की खिरापत वळखाची असते — घरची बाई बंद डबा हालवते अन् बाकीच्या नुसत्या आवाजावरून सांगतात, आत काय हाये. बरोबर सांगितलं की डबा उघडून खिरापत वाटते. टेपवर सुमन डबा हालवते, म्हनते, "वळखा!" माही शांतावहिनी वरडते, "फुटाने!" सुमन हासते, "नाई!" अन् टेप खतम. खरं काय होतं डब्यात, मले आठवत नाई.

रोज दुपारी मी हे जुन्या स्पीकरच्या बॉक्सवर ऐकत होतो. जिंदगीभर एकाच कंपनीचे बॉक्स वापरले, कोनी दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तर भांडत होतो. म्हनून पोरानं वर्षश्राद्धाले पुण्याहून त्याच कंपनीचा सगळ्यात भारी स्पीकर आनला. "बाबा, आई समोर बसल्यासारखी वाटन."

खाक वाटते! वायर मी सोता जोडली. आवाज कसा, तर धुवून इस्तरी केल्यावानी. एकएक बांगडी ऐकू ये, पन ते कोनाच्या हातातली ते समजे नाई. जुन्या बॉक्समधून सुमन येत होती, यातून नुसता आवाज. मनातून उतरली ते कंपनी. पोरगा गेल्यावर वहिनीले बोलावलं, म्हनलं तुम्हीच ऐका.

वहिनी चहा घेऊन बसली. "भाऊजी, हा स्पीकर हाये का फ्रीज?"

"गप ऐका."

गानी झाली. डबा वाजला. "वळखा!"

...कोनीच बोललं नाई.

वहिनी माह्याकडं पाहून राह्यली. "अवो, मी इथं फुटाने म्हनली होती ना? माहा आवाज कुठं गेला?"

डबा पुन्हा वाजला. हळू. मंग सुमन बोलली, न हासता, एकदम कानाजवळून —

"अवो, तुम्ही सांगा ना."

भुलाबाईत गड्यामानसाले कोन इचारते? त्या दिवशी मी दारात टेप धरून उभा होतो, तिनं माह्याकडं पाह्यलंबी नव्हतं. वहिनीच्या हातचा कप फुटला. मी पिलग उपटला. वायर काढली. तशीच जुन्या बॉक्सले जोडली... तिथं सारं जसंच्या तसं. फुटाने, नाई, हासनं. पुन्हा नव्यावर लावली — "तुम्ही सांगा ना." वहिनी चप्पल न घालताच घरी गेली. तवापासून माह्या घरची पायरी चढली नाई.

पोरगा फोनवर म्हनते, "टेप जुनी हाये बाबा, घसरली असन." मंग जुन्या बॉक्सवर काऊन नाई घसरत?

पन मले खरं भेव त्याचं नाई. नव्या स्पीकरवर डबा लय साफ वाजते. ते फुटाने नाईत, शेंगदानेबी नाईत. तो आवाज मी ऐकला हाये. सुमनले जाळल्यावर तिसऱ्या दिवशी पवनारच्या नदीवर गेलो, तवा एस्टीत फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं माह्या मांडीवर होतं. गाडी गचका खाये, अन् आतून हाच आवाज ये. हाच. अन् टेप भरली तवा सुमन धडधाकट होती, हातात हिरव्या बांगड्या होत्या.

कोन्या जानकाराले समजत असन तर सांगा. मले तर काई उमजत नाई. दोन्ही बॉक्स बंद हायेत. जुन्यावरबी लावाची हिंमत होत नाई, तवा घरात तिचा आवाज नाई. डब्यात काय हाये ते मी वळखलं. पन तोंडानं नाव घेतलं नाई, हितं लिवलंबी नाई. बरोबर सांगितलं की डबा उघडाच लागते.