वास कुठं राहतो

दूध उतू जायच्या बेतात होतं तेव्हा फोन वाजला. एरवी मी गॅसवर दूध असताना फोनला हात लावत नाही. पण स्क्रीनवर नाव दिसलं वन्संच्या पुतण्याचं, आणि तो पठ्ठ्या सकाळी सकाळी कधी फोन करत नाही. "मामी, काकू गेली," एवढंच म्हणाला. झोपेतच गेल्या म्हणे, कुणाला हाक न मारता. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली फरशीवर आलं, आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "आगं सुमन, आदी ग्यास बंद कर, मग रड."

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण, इंदूअक्का. माण तालुक्यात दिल्या होत्या, दहिवडीच्या अलीकडं. गेली काही वर्षं विश्रामबागेत आमच्याकडेच राहायच्या, पण गावची यात्रा मात्र चुकवायच्या नाहीत. आदल्याच आठवड्यात मी त्यांना एसटीत बसवून दिलं होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून शेवटचं काय बोलल्या? तब्येतीला जप नाही, भावाला सांभाळ नाही. "पेटी उघडी ठेव. दुपारचं ऊन लागू दे तिला. आन अधनंमधनं हुंगून बघ." मी म्हटलं, "बघते हो, आधी तुम्ही डोकं आत घ्या." आमचं शेवटचं बोलणं हे… एका लोखंडी पेटीवरून.

ती पेटी म्हणजे काय प्रकार होता ते सांगायला हवं. वन्संचे यजमान मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. माणदेशातले निम्मे पुरुष मुंबईत, तसेच तेही. सणाला यायचे आणि जायचे. ते वारले तेव्हा सोबतच्या लोकांनी त्यांची हत्यारं पोत्यात भरून गावी आणून दिली. पेटी कारखान्याची होती, ती तिथंच राहिली. ते पोतं वन्सं सांगलीला येताना मांडीवर घेऊन आल्या. त्यांच्याकडे नुसती आठवण म्हणून हत्यारं नव्हती बरं का. त्या ती वापरायच्या. पान्यानं नळ आवळायच्या, कानशीनं विळीला धार लावायच्या, आमच्या दाराची कुरकुर त्यांनी आल्या आल्या पहिल्या दिवशीच बंद केली. मी विचारलं, कुठं शिकलात हे? तर म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? गावात बापय व्हतं कुठं? समदं मुंबईला. खाट मोडली तर काय दिवाळीपत्तुर भुईवर निजायचं?"

पण हत्यारं पोत्यात आहेत हे त्यांना सलायचं. "पोत्यात कांदं ठिवत्यात," म्हणायच्या. "त्येंची हत्यारं बिनघराची झाली." आणि एक दिवस जुन्या बाजारातून रिक्षात घालून पेटी घेऊन आल्या. हिरवी, लोखंडी, दोन्ही बाजूंना कड्या, आत एक उचलता येणारा कप्पा. दिसायला देखणी होती. पण झाकण उघडलं मात्र, आणि मी पदर नाकाला लावून थेट अंगणात. काय नव्हतं त्या वासात! जुनं डिझेल, कुजलेलं ग्रीस, ओलं गोणपाट, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी मेलेलं. हे म्हणाले, "अक्का, आत्ताच्या आत्ता परत दे ही." वन्सं शांत. "मला तर काय बी येत न्हाई," म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. सगळा जन्म मशेरी लावून लावून त्यांचं नाक पार गेलं होतं. करपलेली आमटी त्यांना कळायची नाही, चाफा कळायचा नाही. उलट माझं नाक म्हणजे आमच्या घरातली चेष्टेची गोष्ट. शेजारी चौगुल्यांच्या घरी काय फोडणीला टाकलंय ते मी आमच्या न्हाणीघरातून सांगते. तेव्हा वन्संनी तिथल्या तिथं वाटणी करून टाकली: हात त्यांचे, नाक माझं. "आपुन दोघी मिळून एक बाई हाय," म्हणाल्या. नणंद-भावजयीचं नातं कसं असतं ते जात्यावरच्या ओव्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं नातं खऱ्या अर्थानं जुळलं ते त्या घाण पेटीपाशी.

पहिला पराक्रम मात्र माझा. वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या, मी म्हटलं, आपणच करून टाकू, त्यांना खूश करू. मी सांगलीची बाई. नदीकाठी वाढलेली. आमच्याकडे कशालाही एकच उपाय, पाणी. नळी लावून पेटी भरभरून धुतली, साबणाचा फेस केला, आणि वर म्हटलं, हळदीसारखं जंतुनाशक नाही, आणि हळद काय सांगलीत कमी? ओंजळभर हळद ओल्या पेटीत चोळली आणि झाकण लावून ठेवलं, म्हणजे आत चांगली मुरेल. मुरली! दुसऱ्या दिवशी उघडली तर जागोजागी गंज फुटलेला, कोपरे पिवळेधम्मक, आणि वास होता त्याच्या दुप्पट, आता हळदीसकट. वन्संनी पेटीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर त्या भिंतीला टेकून हसायलाच लागल्या. "हळद लावलीस व्हय तिला? लगीन हाय का हिचं? नवरा कोन, आमचा हातोडा?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, पण मला आतून चीड आली होती. एक लोखंडाचा डबा आपल्याला हरवतो म्हणजे काय!

मग वन्संनी त्यांच्या पद्धतीनं काम हाती घेतलं, आणि ती पद्धत माणदेशाची, म्हणजे बिनपाण्याची. "पाण्यानं वास जात न्हाई," म्हणायच्या, "पाण्यानं त्यो मुरतो. आमच्याकडं पाणी व्हतंच कुठं धुवाया? राख आन ऊन, दोनच गोष्टी फुकट." गावाकडून चुलीची राख त्यांनी पिशवीभरून मागवली, चाळून डब्यात भरली. आधी लाकडाच्या चिपेनं जुनं ग्रीस खरवडलं. मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, मग कोरडी राख घेऊन सुती फडक्यानं घासायला बसल्या. दुपारी पेटी अंगणात, झाकण सताड उघडं, ऊन सरकेल तशी पेटी सरकवायची. संध्याकाळी आत कोळशाचे तुकडे आणि एका वाटीत खायचा सोडा. आणि सकाळी माझी पेशी. "ये नाकवाले, हुंग." मी हुंगायचे. "येतोय." की पुन्हा राख. माझ्यावर भरवसा नसायचा तेव्हा चौगुले काकांना कुंपणावरून हाक मारायच्या, दूधवाल्याला थांबवायच्या. "हुंगा की वाईच. येतोय का?" चौगुले काका जैन, त्यातून अतिशय सज्जन, बिचारे तोंड फिरवून "थोडासा, थोडासा" म्हणायचे.

कित्येक दिवस गेले. वास कमी व्हायचा, आणि एक दिवस ढगाळ हवा आली की जसाच्या तसा परत. हे वैतागले. "अक्का, नवीन पेटी आणून देतो, पण हा होम आता आवर." मलाही तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. वन्सं त्या दिवशी पेटीपुढे नुसत्या बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सुमन, वास म्हंजे काय गं?" मी म्हटलं, "वास म्हणजे वास." "तसं न्हवं. देव वास करतो म्हनत्यात न्हवं? म्हंजे ऱ्हातो. ह्योबी कुठंतरी ऱ्हात असंल की. आपुन भिंती धुतोय आन ह्यो घरात बसलाय. त्यो कुठं ऱ्हातो ते हुडीक." आणि मला त्यांनी पेटीत अक्षरशः तोंड घालायला लावलं. कोपरा कोपरा, कडा, बिजागरी. तळाशी गेले आणि थबकले. तळ वाजवून पाहिला तर पोकळ बोलला. पहिल्या मालकानं गंजलेल्या तळावर दुसरा पत्रा ठोकून बसवला होता. वन्संनी छिन्नी लावली, मी पेटी धरली, हे कानांवर हात ठेवून आत गेले. पत्रा सुटला. खाली गोणपाटाची चिंधी, तेल पिऊन काळी झालेली, आणि तिच्यात कधीकाळी मेलेल्या उंदराचं बिऱ्हाड. "ह्यो बघ घरमालक!" वन्सं ओरडल्या. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला.

त्यानंतर राखेनं आणि उन्हानं आपलं काम केलं. एका सकाळी मी हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि म्हटलं, "नाही हो वन्सं, काही नाही." त्यांनी लगेच चौगुले काकांना हाक मारली, खात्रीला. तेही "नाही" म्हणाले. मग वन्संनी पोतं सोडलं आणि एकेक हत्यार खोबरेलानं पुसून पेटीत ठेवलं, सावकाश, नवी नवरी घरात घ्यावी तसं. शेवटी पदर डोक्यावरून घेतला आणि पेटीला हळदीकुंकू वाहिलं. "हळद तर तू आदीच लावलीस," म्हणाल्या. एका कोपऱ्यात तो पिवळा डाग राहिला होता, कशानंच न गेलेला. त्या कोपऱ्यात त्यांनी आपली मशेरीची डबी ठेवली. ती पेटी पुढं रोज दुपारी उघडी असायची. नियमच होता. "झाकलं की कुबट हुतं," म्हणायच्या. "मग ते कुनाचंबी असू दे."

वन्सं गेल्यावर गावचं सगळं आटोपून आम्ही परत आलो. पेटी अंगणाच्या कट्ट्यावर, जाताना झाकून ठेवली होती तशीच होती. मी झाकण उचललं, आणि वन्सं समोर आल्या. भाजल्या तंबाखूचा तो करपट वास, खोबरेल, किंचितशी राख. मी झाकण खाडकन लावलं. उडून जाईल म्हणून. पेटी घरात आणली, कपाटाशेजारी ठेवली, वर चादर टाकली. कधीतरी दुपारी कुणी नसताना झाकण बोटभर वर करायचे, नाक लावायचे आणि लगेच बंद. चौगुले काका पाना मागायला आले तर मी म्हटलं, सापडत नाही. हे म्हणाले, पेटी माळ्यावर टाकू या, प्लॅस्टिकमध्ये बांधून, डांबरगोळ्या घालून. त्यांच्याशी मी इतकी भांडले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला वन्सं हव्या होत्या. दुसरं कारण नव्हतं.

परवा दुपारी असंच झाकण उचललं. मशेरी होती. पण तिच्याखाली… माझं नाक खोटं बोलत नाही, हेच माझं दुर्दैव. मशेरीखाली बंद लोखंडाचा तो ओला, कुबट वास पुन्हा धरायला लागला होता. हातोड्यावर गंजाचा पहिला ठिपका होता. राग आला, वन्संचा, स्वतःचा, त्या उंदराचा. मग उठले, पदर खोचला आणि पेटी ओढत अंगणात आणली.

राखेचा डबा खिडकीत होता. तळाशी थोडी राख उरली होती, गावच्या चुलीची, वन्संनी चाळलेली. ती मी सगळी घेतली. एकेक हत्यार काढून पुसलं, पेटी आतून घासली, खांदे दुखेपर्यंत. हातोड्यावरचा गंज गेला. पिवळा डाग तेवढा गेला नाही, तो मी घासलाही नाही. मशेरीची डबी हातात घेतली. वास कुठं राहतो ते शोधायला या वेळी नाक लागलं नाही. डबी मी फेकली नाही, तेवढी कठोर मी नाही. ती माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवली. पण पेटीत परत ठेवली नाही. हत्यारांचं घर हत्यारांचं. मग झाकण सताड उघडलं आणि ऊन सरकेल तशी पेटी सरकवत बसले. सरकवताना रडले. वन्सं उन्हात उडून चालल्या होत्या आणि मीच त्यांना वाट करून देत होते. पण थांबले नाही.

आज सकाळी कुंपणावरून चौगुले काकांना मीच हाक मारली. "पाना सापडला, घेऊन जा." ते आले. मी म्हटलं, "काका, जरा हुंगा की. येतोय का?" माझ्या नाकावर आता माझाच भरवसा नाही, मला हल्ली सगळ्या घरातच मशेरी येते. काकांनी चष्मा काढला, वाकले, या वेळी तोंड न फिरवता नीट वास घेतला. मग चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "कशाचाच येत नाही."

"जिंकलो मग," मी म्हटलं. पाना त्यांच्या हातात दिला, आणि पेटी उन्हात सरकवली.