ढोकेताई आणि चौसष्ट प्रोसेसर

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सुलोचना ढोके नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कापूस वेचायला लावायच्या. तोंडी. "एका बाईले वावर वेचाले धा दिवस लागतात. धा बाया लावल्या त एका दिवसात होईन का?" समोरचा "हो" म्हणाला की हसायच्या. "अरे, दोघी एकाच पातीत घुसल्या त भांडणातच दुपार होते. जिची तिले पात ठरवून देनं, हेच आपलं काम."

पात म्हणजे एकेकीच्या वाट्याची कपाशीची ओळ. समांतर प्रोसेसरची रचना मला कळली ती अशी. अमरावतीजवळच्या तिवशाच्या ढोके लहानपणी आईबरोबर खरंच वेचणीला गेलेल्या. मी अकोल्याचा, म्हणून 'मॅडम'ऐवजी 'ताई' म्हणायची मुभा मला एकट्याला होती.

चौसष्ट प्रोसेसर एकत्र चालवणारं यंत्र त्यांनी सात वर्षं खपून उभं केलं. ते तपासायला दिल्लीची समिती येण्याच्या आठवडाभर आधी मला एक उत्तर चुकलेलं दिसलं. तेच गणित पुन्हा दिलं तर बरोबर. शेकडो वेळा बरोबर, मग एकदा चूक. मी ताईंना सांगितलं, ताईंनी संचालकांना. ते म्हणाले, "समितीसमोर एकदाच चालवायचंय. कोणी बोलू नका." मी मान डोलावली.

समितीसमोर उत्तर बरोबर आलं. टाळ्या वाजल्या. ताई उठल्या आणि म्हणाल्या, हे यंत्र मधूनच चुकतं, आणि का ते मला अजून सापडलेलं नाही. चाचण्या मी घेत होतो, म्हणून समितीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिलो.

ताईंचं प्रकल्पाचं प्रमुखपद गेलं. तरी आठ महिने रोज येऊन त्यांनी चूक शोधलीच: कधीमधी दोन प्रोसेसर एकाच क्षणी मेमरीत एकाच जागी लिहीत होते. यंत्र सुरू झालं तेव्हा पाटीवर संचालकांचं नाव होतं. ताई अमरावतीला शिकवायला निघून गेल्या.

पुढे मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत गेलो. ताई आजारी पडल्या तेव्हा अमरावतीला भेटायला गेलो. म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी गप्प बसलो."

"मले दिसलं होतं." ताई म्हणाल्या, "लय वाईट वाटलं होतं रे." मग माझा हात धरून विचारलं, "आता तुमच्या कंपनीत चिपची तपासणी कोनाच्या हातात हाय?"

"माझ्याच."

"मंग आता बोलत जाय."

दोन महिन्यांनी ताई गेल्या. त्याच आठवड्यात आमच्या नव्या चिपचं एक उत्तर चुकलं होतं. ताईंना निरोप देऊन अमरावतीहून परतल्यावर मी कंपनीच्या बैठकीत उभा राहिलो आणि ते सगळ्यांसमोर सांगितलं.