चार बोटं जागा

कोणतीही गाडी दिसली की समोरचे दादा आधी तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसत. टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत उजव्या हाताची बोटं आडवी घालत, मान जराशी तिरपी करत आणि निकाल देत. "चार बोटं. बरी हाय." किंवा, "तीन. स्प्रिंगचे पाटे थकले हिचे." माझी नवी गाडी हार घालून दारात आली, बायको ओवाळायचं ताट घेऊन उभी राहिली, तेव्हाही हे चाकापाशीच. ताटातली वात विझायला आली तेव्हा उठले आणि म्हणाले, "दोन बोटं. बसेल हाय साहेब तुमची गाडी."

तुमच्याही गल्लीत असा एखादा शेजारी असेल, जो दिसला की आपलं घरातलं वजन किलोभर कमी झाल्यासारखं वाटतं. आमच्या अमरावतीच्या गल्लीत तो समोरच राहायचा. सगळे त्यांना फुलवाले दादा म्हणत. नांदगाव खंडेश्वरच्या अंगाला शेत, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि फुलं पहाटे मंडीत न्यायला एक जुनी पिकप. पिकप पांढरी आहे हे फक्त तिच्या कागदांवरून कळे. इंजिनाची ताकद पोचायची मागच्या दोन चाकांना, पुढची दोन नुसती सोबतीला.

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो पैशाचा किंवा शेताचा नव्हता. तो माझ्या आईवरून होता.

आई आमच्याकडे राहायला आली ती बाबा गेल्यावर. दादांचं शेत तिच्या माहेरच्या शिवारातलं निघालं आणि माझं नशीब फिरलं. गावची लेक म्हणून दादा तिला आत्या म्हणू लागले. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर मी तिचा मुलगा व्हायच्या आधीपासून ही मंडळी तिची भाचरं होती. ती त्यांना लेका म्हणे. मला ती नावानं हाक मारते, तीही बहुधा काहीतरी आणायला सांगायचं असलं की.

दर गुरुवारी मंडीतून रिकामी पिकप शेताकडे परत जाई तेव्हा पुढच्या सीटवर आई असे. संध्याकाळी ती पदरात तुरीच्या शेंगा, केसात झेंडूची एक पाकळी आणि तोंडभर गोष्टी घेऊन यायची. माझ्या एसी गाडीत ती मोजून दोनदा बसली. "काच बंद केली का मले फोटोत बसल्यावानी वाटते," म्हणाली. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तिला भाजी निवडायची होती.

अशात दादांच्या डोक्यात पिकप उंच करायचं आलं.

शेताकडे जाणाऱ्या पांदणीत मधोमध मातीचा वरंबा होता. चाकं दोन्ही चाकोऱ्यांत उतरली की पिकपचं पोट त्या वरंब्याला घासायचं. म्हणून गाडी उंच करावी. पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवावा, टायर मोठे टाकावे. पण फुलांचे क्रेट भरायच्या काकू, म्हणजे दादांची बायको. त्या म्हणत, उंच केली तर क्रेट काय डोक्यावरून फेकू? उलट एक पाटा काढा आणि बसवा खाली. दोघांचंही खरं होतं, आणि गाडी इतकी जुनी की एकदा हात लावल्यावर पुन्हा मागे फिरायची सोय नव्हती.

दादांनी गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलं. पेपर टाकणाऱ्याला विचारलं, गॅसवाल्याला विचारलं. सगळ्यांचं मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाहू जी." असं कितीतरी महिने चाललं. आईलाही विचारलं. ती नुसती हसली आणि म्हणाली, तुमची गाडी, तुमी पाहा.

मी मात्र पहिल्या दिवसापासून उंच करा म्हणणाऱ्यांच्या पक्षात. कारण साधं होतं. आईचे गुडघे. आहे त्या उंचीलाच ती प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून, काकूंनी मागून लोटल्यावर कशीबशी चढत होती. गाडी वीतभर वर गेली असती तर स्टूल हरलं असतं, काकू हरल्या असत्या, आणि गुरुवार आपोआप माझ्या गाडीत येऊन बसला असता.

मग काय, मी रोज संध्याकाळी समोर चहाला जाऊ लागलो. आयुष्यात कधी टायर न बदललेला माणूस मी, पण पांदणीतल्या वरंब्यावर बोलताना माझा आवाज भरून यायचा. उंच गाडीचा रुबाब वेगळा, इंजिनाचं पोट वाचतं, चिखलाची भीती नाही. दादा म्हणत, "चिखलात मागचीच दोन चाकं फिरतात साहेब. उचलून का होते?" मी तेही खोडून काढायचो. काय बोलून खोडायचो ते आता आठवत नाही, तेव्हाही कळत नसावं.

बायको एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमाले कवापासून पिकपमधलं समजाले लागलं? सासूबाईंच्या गुडघ्याच्या भरवशावर निवडणूक लढून राहिले तुमी."

शेवटी एकदाचं ठरलं. मूर्तिजापूरला दादांच्या ओळखीचा एक पाटेवाला होता, त्याच्याकडे पिकप नेली. परत आली ती लांबून उंटासारखी दिसली. नारळ मी आणला होता, फोडलाही मीच. पाणी अंगावर उडालं तरी हसत होतो.

गुरुवारी सकाळी मी बँकेत उशिरा येतो म्हणून कळवलं, गाडी धुतली आणि तिचं मागचं दार उघडून ठेवलं.

मंडीतून पिकप आली. ती नेहमीसारखी समोर थांबली नाही. दादांनी ती मागे घेतली, पुढे घेतली आणि आमच्या ओट्याला अशी चिकटवून लावली की मध्ये मांजर अडकलं असतं. डावीकडचं दार उघडलं. दाराची खालची कड ओट्याच्या फरशीवरून अलगद सरकत गेली. आई आतून आली, पिशवी काखेत, पायात चपला. ओट्यावरून तिनं पाय जरासा उचलला आणि स्वयंपाकघरातून बैठकीत जावं तशी पिकपमध्ये जाऊन बसली. स्टूल नाही, काकू नाही, गुडघ्याला वाकणं नाही.

मी माझ्या गाडीचं दार धरून उभा. दादा खाली उतरले, ओटा आणि केबिनचं बूड यांच्यामध्ये बोटं घातली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "चार."

"मंगळवारीच मोजून गेले ते आपला ओटा," बायको मागून म्हणाली. "तुमी बँकेत होते. सासूबाईंनीच बोलावलं होतं." काकूंचीही सोय झाली होती. शेतात धुऱ्याला, म्हणजे उंच बांधाला लावून गाडी भरायची, क्रेट नुसते आत सरकवायचे.

आईनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "तू इतकं बोलला म्हनून उचलली रे त्यानं. नाईतर तयारच नव्हता तो."

गुरुवार असे कितीतरी गेले. मी ओट्याकडे बघायचं सोडून दिलं. मग एका गुरुवारी पिकप ओट्यापासून हातभर दूर थांबली. आई कडेला येऊन उभी राहिली. "लेका, आज दूर लावली तू." दादा खाली उतरले नाहीत. स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. मग हलकेच म्हणाले, "मले वाटलं, टेकली."

दादांना काचबिंदू होता. एका डोळ्याचा बराच भाग आधीच गेला होता, दुसरा त्याच वाटेवर. अकोल्याहून त्यांची मुलगी आली आणि दादा-काकूंना घेऊन गेली. शेत बटाईनं दिलं. पिकप परतवाड्याकडच्या एका संत्रेवाल्यानं नेली. ती गल्लीतून वळली तेव्हा आई ओट्यावर होती. मीही होतो. गुरुवार आता माझे होते, आणि त्यांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

पहिल्याच गुरुवारी मी गाडी ओट्याला लावली. ओट्यावरून ती विहिरीच्या तळाशी असल्यासारखी दिसत होती. आईला विचारलं, नांदगावकडे जायचं का. ती म्हणाली, "अकोल्याले."

तिला बसवायचं म्हणजे आधी ओट्याच्या पायऱ्या उतरवायच्या, मग सीटपर्यंत खाली न्यायचं. तिनं एक हात माझ्या खांद्यावर टाकला, दुसरा मानेमागे. पूर्ण भार माझ्यावर आला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, तो इतक्या जवळून मला बऱ्याच वर्षांनी आला. बसल्यावर धाप टाकत म्हणाली, "त्याच्या गाडीत कोनाचा हात लागत नव्हता मले." मी दार लावलं.

अकोल्याला दादा कठडा धरत जिन्यातून खाली आले. काळा चष्मा, अंगात स्वच्छ बंडी. आत्या अशी हाक मारली, मग गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत मागच्या चाकापर्यंत गेले आणि उकिडवे बसले. बोटं बरोबर फटीत गेली.

"दोनच हायेत अजून."

मी म्हटलं, गाडी उचलून घ्यावी म्हणतो. मूर्तिजापूरच्या तुमच्या माणसाला विचारणार आहे. आईला जड जातं.

"आत्याले बसवलं कसं?"

"धरून."

"आन आता उतरवलं?"

"धरूनच."

बोटं तशीच फटीत ठेवून त्यांनी मान जराशी तिरपी केली.

"मंग राहू द्या साहेब. नका उचलू."

हेसुद्धा यांनीच सांगावं, असं माझ्या मनात आलं. त्यांना उठवायला मी हात पुढे केला, पण आई माझ्या आधी पोचली होती. तिनं त्यांचा दंड धरला. "चाल लेका, इथं पायरी हाय." मग तिचे गुडघे आणि त्यांचे डोळे सांभाळत दोघं जिना चढू लागली. ती पायरी सांगायची, ते तिला तोलायचे. आईनं त्यांच्यासाठी आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन मी खाली थांबलो. जिना दोघांपुरताच रुंद होता.