दिव्याच्या पायातला करंट

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. शाळेत परिपाठ संपला, राष्ट्रगीतासाठी सगळी मुलं उठली आणि माझी दिव्या मांडी घालून तशीच अडकली. त्या दिवसापासून दवाखान्याचं बाकडं सुटलं नाही. घरी दोन दिवस कपडे नाही धुतले की ढीग होतो ना, तसे त्या बाकड्यावर किस्से साठतात. धुवायला वेळ नाही म्हणून आज तसेच सांगते.

तर, बाई ओरडल्या, "दिव्या, ऊठ!" ती उठायला गेली आणि लाकडाच्या ओंडक्यासारखी आडवी झाली. बाईंना वाटलं, मुद्दाम करतेय. मला बोलावून घेतलं. माझ्यासमोर पुन्हा विचारलं, "का गं, सांगितलं तर उठायला नको?"

दिव्या म्हणाली, "बाई, मी उठतेय. पाय उठत नाहीत!"

सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

घरी सासरे, म्हणजे नाना, जेवता जेवता म्हणाले, "आमच्या सावद्यात असं कोनाले नाही. हे सोनगीरहून आलं."

सोनगीर म्हणजे माझं माहेर, धुळ्याकडचं. पुढे दिव्याला ठेच लागली तरी सोनगीर, सर्दी झाली तरी सोनगीर! भावाच्या लग्नाला जायचं निघालं तर सासूबाई म्हणाल्या, "पोट्टीले नको नेऊ तिकडे, आखीन काही घेऊन येशीन." म्हणून मला एवढंच कळून घ्यायचं होतं. पोरीला काय झालंय? वाढत जाणारं आहे का? आणि खरंच माझ्याकडून आलंय का?

• • •

सावद्याच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. बसस्टँडवरून चालत गेलो, कारण नानांना रिक्षावाल्यांचा राग. दवाखान्याची लिफ्ट बंद. जिने चढलो. वर पोचेपर्यंत दिव्याचे पाय असे मोकळे झाले की काय सांगू! तिचं असंच आहे, पहिली पावलं अडतात, मग सुटते.

डॉक्टर म्हणाले, "बाळ, चालून दाखव."

बाईसाहेब हरणासारख्या पळाल्या. वर विचारतात, "नाचून दाखवू का?"

नाना म्हणाले, "पाह्यलं का डाक्टर? नाटकं हायेत सगळी!"

मला रडूच आलं. इतक्या लांब आणलं आणि नेमकं इथेच बरी! पण डॉक्टरांनी नानांचं मनावर घेतलं नाही. म्हणाले, "हिला बाहेर बाकड्यावर अर्धा तास बसवा. अजिबात हलू द्यायचं नाही."

सात वर्षांची पोर, जळगावचा उन्हाळा आणि हलायचं नाही! मी तिचे दोन्ही गुडघे धरून बसले. मग डॉक्टरांनीच दारातून अचानक हाक मारली, "दिव्या, पळत ये!"

ती ताडकन उठली आणि तिथेच कडक होऊन पडली. नानांनी वरच्यावर झेलली म्हणून बरं.

डॉक्टर म्हणाले, "छान!"

माझी पोर पडल्यावर पहिल्यांदाच कोणी छान म्हणालं.

• • •

मग कळलं की स्नायूतला करंट मोजायचा. बारीक सुई टोचतात, मशीनवर रेघा दिसतात, आवाज येतो. करंट म्हटल्यावर माझे हातपाय गार! बाकड्यावर भुसावळचे एक आबा होते, रेल्वेतून रिटायर झालेले, हाताला मुंग्या येतात म्हणून आलेले. त्यांनी मला धीर दिला. "पोरी, घाबरतेस काय? आम्ही पंचवीस हजार व्होल्टच्या वायरखाली अख्खी नोकरी काढली."

तेवढ्यात त्यांचाच नंबर आला. त्यांची नसांची तपासणी होती, तिच्यात मनगटावर छोटासा झटका देतात. दार लागलं आणि आतून अशी आरोळी आली की दिव्या माझ्या पदरात शिरली!

आबा घाम पुसत बाहेर आले. म्हणाले, "रेल्वेचा करंट सरळ असतो हो. हा खवचट आहे!"

• • •

आम्हाला पुढची तारीख मिळाली. तपासणी करणाऱ्या सीमाताईंनी बजावून सांगितलं, "येताना अंगाला तेल, पावडर, काही लावायचं नाही."

मी घरी येऊन हे सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. आणि तारखेच्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते तोवर त्यांनी पोरीला मानेपासून टाचेपर्यंत तेल चोळलं! मी बघितलं तेव्हा पोर चकाकत होती.

"आई, नको म्हणले होते ना!"

"कोरड्या अंगाची पोट्टी डाक्टरपुढे न्यायची? लोक काय म्हनतीन, आजी मेली का हिची?"

दोनदा साबण लावला. पण जळगावच्या उकाड्यात, बसच्या गर्दीत ते तेल परत वर आलं. सीमाताई चिकटपट्टी लावायच्या, ती घसरायची. स्पिरिटनं पुसलं, परत लावली, परत घसरली. शेवटी त्यांनी हात टेकले. "ताई, आज हिचा करंट नाही मोजता येणार. तेल मोजायचं मशीन असेल तर बघा!"

परत सावदा. परत पुढची तारीख. बसमध्ये उभ्यानं.

• • •

त्या तारखेला बाकड्यावर धुळ्याकडच्या एक अक्का शेजारी आल्या. माझ्या माहेरची अहिराणी कानावर पडली आणि मी न विचारता सगळं सांगून बसले. शाळा, तेल, सोनगीर, सगळं. नाना चहाला गेलेले होते म्हणून बरं.

अक्कांनी दिव्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "माहेरथून उनं का सासरथून उनं, पोर ते तुनीच शे ना माय!" म्हणजे माहेरून आलं काय नि सासरहून आलं काय, पोर माझीच.

आणि पिशवीतून काढून तिला केळं दिलं. केळीच्या बागांत वाढलेल्या सावद्याच्या पोरीला केळं! दिव्यानं पण खाल्लं बिचारीनं.

• • •

शेवटी आत घेतलं. आधी गरम पाण्याची पिशवी ठेवून पाय शेकले. मग डॉक्टरांनी पोटरीत सुई घातली. दिव्या रडायला लागली, माझं बोट पिळायला लागली.

सीमाताई म्हणाल्या, "रड बाळा, पण पाय सैल सोड."

दिव्या हुंदके देत म्हणाली, "सैल सोडता आला असता तर मी इथे आलेच असते का?"

डॉक्टरांचाच हात थांबला.

मग पाय आपोआप निवळला आणि मशीनमधून आवाज आला. घुर्रर्र करून चढणारा, मग बारीक होत लांब जाणारा, परत चढणारा. दिव्या रडायची थांबली. "आई, माझ्या पायात पप्पांची मोटरसायकल!"

• • •

डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. मी सातवी शिकलेली, जेवढं कळलं तेवढं सांगते. स्नायूच्या प्रत्येक धाग्याला पातळ पापुद्रा असतो. त्याच्या आतबाहेर थोडी वीज असते. काम झालं की ती शांत व्हायला हवी. हिच्या पापुद्र्यातली बारीक दारं नीट उघडत नाहीत, म्हणून काम झालं तरी वीज थरथरत राहते आणि स्नायू आवळलेला राहतो. हा स्नायू झिजवत नेणारा आजार नाही. औषध आहे, लागलं तर देऊ. एकदम उठवू नका, थंडीत जपा आणि आळशी म्हणू नका. शाळेला तसं लिहून देतो.

मी किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला, मलाच माहीत.

मग ते म्हणाले, "हे रक्तातून येतं. घरात अजून कोणाला आहे का?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे कोनी नाही. हिच्या माहेरी विचारा."

मी खाली बघितलं.

नाना उठले. पोरगी झिजणार नाही म्हटल्यावर त्यांचेही डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि गच्च दाबला. "लय उपकार झाले साहेब."

"असू द्या नाना."

नानांनी हात धरलेलाच. डॉक्टर हसले. थोड्या वेळानं म्हणाले, "नाना, हात सोडा."

"सोडून राह्यलो ना!"

आणि नानांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट उचकटून डॉक्टरांचा हात मोकळा केला. अगदी सवयीनं, डब्याचं झाकण उघडावं तसं.

डॉक्टरांचं हसू थांबलं. "हे कधीपासून आहे?"

"हे? हे तं लहानपनापासून. पहिलवानी पकड हाये आमची!" नानांनी मिशीवर हात फिरवला. "माह्या बापाचीबी अशीच होती."

सीमाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी सीमाताईंकडे.

डॉक्टर हळूच म्हणाले, "नाना, जरा बाही वर करा."

नानांच्या हातातूनही मशीनवर तसाच घुर्रर्र आवाज आला. ते बाहेर येऊन बाकड्यावर बसले. बराच वेळ स्वतःच्या मुठीकडे बघत होते. उघडायची, मिटायची, उघडायची. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वैशाली, फोन लाव."

"आईंना?"

"तिले मी सांगीन घरी गेल्यावर. तू आधी सोनगीरले लाव. तुह्या बापाले सांग, हे सावद्याहून आलं. आन् त्याले म्हन, तिकडे सगळ्यायले सांगा."