बोळाची किल्ली

"आधी चाक थांबवा, मंग बोला."

कामठी रोडवरच्या आमच्या जिनिंग फॅक्टरीत मामांचं हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मी तिथे कारकून होतो. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. युनियनच्या पत्रकांतली वाक्यं मी एका दमात ऐकवू लागलो की मामा कानावर हात ठेवत. "बाबू, पह्यले तुया तोंडाचं चाक थांबव गा."

मामा तेलवाले, म्हणजे यंत्रांना तेल घालणारे; सगळेच त्यांना मामा म्हणत. यंत्रांच्या ओळीमागे एक अरुंद बोळ होता. त्यात लांब लोखंडी शाफ्ट गरगरत असे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा गेलेला. बोळाला जाळीचं दार, दाराला कुलूप. कायदा स्पष्ट होता. चालू शाफ्टवर पट्टा चढवायला शिकवलेला माणूसच जाईल, त्याचं नाव नोंदवहीत असेल, अंगात घट्ट कपडे असतील आणि ते कपडे मालक देईल. नोंदवहीत एकच नाव होतं, मामांचं. कपड्यांचा जोडही एकच, तो मॅनेजरच्या कपाटात. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले की तो मामांच्या अंगावर चढे, ते गेले की घडी होऊन परत कपाटात.

"लगनातले कपडे हायेत माये," मामा म्हणत. "नवरदेव दिसून राहिलो का नाही?" कापूस टाकणाऱ्या बाया खदखदून हसत.

तुम्हीही असे कपडे, अशा जाळ्या, असे फलक पाहिले असतील. फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर येणारे.

हंगाम भरात आला. पट्टा घसरला की मामा इंजिन थांबवायला लावत, आणि मग सगळीच यंत्रं उभी राहत. मॅनेजर चिडे. एक दिवस त्याने हुकूम काढला, जेवायला जाताना किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगून जायची. दोन दिवस मामा किल्ली कमरेला खोचूनच घरी गेले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने विचारलं, "नोकरी करायची आहे ना?" त्या दुपारी किल्ली खिळ्याला लागली.

त्याच आठवड्यात, मामा जेवायला गेलेले असताना पट्टा घसरला. मॅनेजरने गणपत हमालाला हाक मारली, "बघत काय बसला? चढव!" गणपत आत गेला. सदऱ्याची ढिली बाही पट्ट्यात सापडली. उजवा हात कोपरापासून गेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मामांसमोर टाइप केलेला कागद ठेवला. मनाई असताना गणपत किल्ली चोरून आत गेला, असं त्यात होतं. मामांनी सही करायची. हुकूम मोडून गेला असं ठरलं असतं, तर गणपतला भरपाई मिळणार नव्हती. मामांनी कागद न उचलता सांगितलं, "इन्स्पेक्टरसमोर बोलतो."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. खोली फॅक्टरीचीच होती.

"मामा, मॅनेजरचा हुकूम तेवढा सांगा. किल्ली तुम्ही टांगली, हे बोलू नका. ते तुमच्यावरच उलटवतील."

"बराबर सांगून राहिला बाबू," मामी चुलीजवळून म्हणाल्या.

"मंग किल्ली का उडून बसली खिळ्यावर?" मामा माझ्याकडे बघत राहिले. "मॅनेजर म्हणते हे गाळ, तू म्हणतं ते गाळ. गाळून गाळून काय राहीन गा?"

मला त्यांचा रागच आला.

चौकशी ऑफिसात झाली. मॅनेजर मामांच्या खुर्चीमागे उभा होता. मामांनी तळहात दोनदा धोतराला पुसले.

"गणपतने किल्ली चोरली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाही जी. मी टांगली होती. टांगू नये, हे मले ठाऊक होतं."

मॅनेजरचा चेहरा खुलला.

"अन् टांगाले या साहेबानं लावलं," मामा म्हणाले. "गणपतले आत बी यानंच धाडलं."

"झूठ बोलतोय बुड्ढा! हा तर जेवायला गेला होता!"

दारात गर्दी होती. तिच्यातून एका बाईचा आवाज आला, "आमी तं होतो ना जी. का बहिऱ्या हावो आमी?"

जाळी घालणं, कपडे देणं, माणसं शिकवणं, यातलं एकही कर्तव्य मामांचं नव्हतं. सगळी मालकाची होती. त्या खोलीत स्वतःची चूक कबूल केली ती मात्र एकट्या मामांनी.

गणपतचा दावा मान्य झाला. महिन्याभरात मामांना काढून टाकलं. कारण लिहिलं, निष्काळजीपणाची कबुली. पुरावा म्हणून त्यांचाच जबाब जोडला होता. आम्ही तीन दिवस गेटवर घोषणा दिल्या. मॅनेजर मागच्या दाराने ये-जा करत राहिला.

खोली सोडायच्या सकाळी मामीच्या माहेरी, भिवापूरकडे, जायला बैलगाडी उभी होती. सामान काढत असताना गणपत आला. रिकाम्या बाहीला गाठ मारलेली. मामांनी मान खाली घातली.

"माफ कर गा," ते म्हणाले.

गणपत पुढे झाला. वाकून त्याने डाव्या हाताने खाटेची एक बाजू उचलली.

"राहू दे. तुले नाही जमणार."

"मंग दुसरी बाजू धरा ना, मामा," गणपत म्हणाला. "काहून उभे राहिले?"