फणा नसलेला नाग

दगडातला साप दिसला की आमच्या भालचंद्रकाकांना राहवत नसे. नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातली, पण रविवारी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघाले की थेट म्युझियम. शंकराच्या गळ्यात नाग नव्हे, धामण आहे. अमक्या देवीच्या हातात अजगराचं पिल्लू आहे. जात सांगून मोकळे. ऐकायला कुणी नसलं तर कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहणारी मी, त्यांची पुतणी, होतेच. अंदाज चुकला तरी आवाज चढाच.

त्या श्रावणात मात्र त्यांची वाचा बसली. अहिल्याकाकूनं लग्नानंतर माहेरहून आणलेला नागाचा दगड त्यांनी पंचमीसाठी ब्रशनं घासला आणि हळदीकुंकवाच्या थरांखालून अंग दिसू लागलं. फणा झिजला असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. फणा मुळात नव्हताच. तिकोनी डोकं, आखूड जाड अंग, पाठीवर साखळीसारखे लांबट ठिपके.

"घोणस," काका मला बाल्कनीत म्हणाले. "हिचा थोरला भाऊ शेतात घोणस चावूनच गेला. आणि ही तिलाच दूध दाखवते, यार."

"काका, बिल्कुल बोलू नका."

सांगणं सोपं होतं. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाल्कनी ते देवघर येरझारा सुरू झाल्या. चहा निवायचा. एकदा तर बस स्टॉपवरून तसेच घरी परतले, देवघरात डोकावले आणि पुन्हा स्टॉपकडे गेले. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी काकूचा भावाचा उपवास. संध्याकाळी ती दगडाला गंध लावत होती, तेव्हा ते बोललेच.

"अगं, हा नाग नाही. घोणस आहे."

काकूचं बोट थांबलं नाही.

"माहितीये. दादा गेला त्याच वर्षी आईनं मुद्दाम घडवून घेतली. धाकटा अजून त्याच शेतात राबतो. मग मी हात कुणापुढे जोडायचे, नागापुढे?"

काकांनी हळूच विचारलं,

"रात्रीचं पाणी द्यायला अजून तोच जातो?"

"तोच जातो."

काका तिच्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.