डावखुऱ्याचा होकार

बेसबॉलचा हंगाम सप्टेंबरात संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कुठल्या टीमवर जीव लावलेला नसतो. मैदानाच्या फाटकाला कुलूप लागतं, जाळ्या उतरतात, आणि मग खरी गंमत सुरू होते: कोण राहणार, कोण जाणार, नवा कोण येणार. उन्हाळ्यात टीम हरते ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हिवाळ्यात ती आपल्या डोक्यात रोज जिंकत असते. मला हिवाळाच जास्त आवडायचा.

आम्ही तेव्हा कार्ल्सरूहेला राहायचो. नवरा विद्यापीठात संशोधन करायचा, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. घर शहराच्या कडेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ, आणि घरामागची शेतं ओलांडली की बेसबॉलचं मैदान. पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी, दुकानं बंद, रस्ते ओस, नवरा लॅबमध्ये, अशी मी आवाजाच्या मागे चालत तिथे पोचले आणि तिथलीच झाले. जर्मनीत बेसबॉल बघणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास धरून बसलेला माणूस. लोक त्याला काही म्हणत नाहीत, पण कीव करतात. फुटबॉल सोडून हे काय, असा प्रश्न ऑफिसात मला सगळ्यांनी विचारला. मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाही.

क्लब अगदी लहान. विद्यार्थी, एक प्लंबर, एक नर्स, असे सगळे हौशी. दरवर्षी एखादा परदेशी खेळाडू मिळाला तर मिळायचा. त्याला राहायला खोली, फिरायला सायकल आणि थोडा हातखर्च. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेकडून एक डावखुरा पिचर आला होता. पिचर म्हणजे मधल्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारा. हा फेकायच्या आधी क्षणभर असा थांबायचा, की कशाला उभे आहोत हेच विसरला असावा. सगळं मैदान त्याच्याबरोबर थांबायचं. मग हात फिरायचा आणि समोरचा बॅटवाला जागच्या जागी राहायचा.

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि मनातल्या मनात पोटातल्याला खेळ समजावून सांगत होते. पुढच्या वसंतात आपण इथेच बसू, असं मी त्याला कबूल केलं. तू माझ्या मांडीवर, आणि हा डावखुरा तिथे, उंचवट्यावर.

ऑक्टोबरात ते मूल गेलं. चौथा महिना होता. कुणाचं काही चुकलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी ते मला दोनदा सांगितलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही. घरी आम्ही दोघं एकमेकांशी फार नीट वागायला लागलो. नवरा लॅबमधून उशिरा यायला लागला आणि मी त्याला का म्हणून विचारलं नाही.

मी दिलेल्या शब्दातलं एक माणूस असं गेलं होतं. दुसरं अजून येऊ शकत होतं. डावखुरा जाताना म्हणाला होता, बघू, जमलं तर पुढच्या वर्षीही येईन. तेवढ्यावर मी ती थंडी काढायची ठरवलं. तो आला तर काहीतरी शाबूत राहिलं असं मी समजणार होते. वेडेपणाच होता, पण त्या दिवसांत शहाणपणाचा मला काडीचा उपयोग नव्हता.

सासरे वसंतात येणार होते, नातवंडासाठी. ते तीन महिन्यांच्या व्हिसावर डिसेंबरातच आले. नागपूरचे, एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून दोन मोठे डबे चिवडा काढला, खिडकीत बुद्धाची लहानशी मूर्ती ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्यांच्या वंदनेचा हळू आवाज भिंतीतून यायला लागला. बाळाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. सासरा आणि सून. असल्या गोष्टी आमच्याकडे सासूमार्फत बोलल्या जातात, आणि सासू नव्हती.

मी तेव्हा अर्धाच दिवस काम करत होते. दुपारी आम्ही फिरायला निघायचो. ऱ्हाइनकाठच्या त्या सखल भागात हिवाळ्यात बर्फ फारसा पडत नाही, धुकं पडतं. शेतं, झाडं, ट्रामची तार, सगळं अर्धवट पुसलेलं. त्यातून चालत आम्ही मैदानाच्या कुंपणापाशी पोचलो आणि त्यांनी विचारलं, इथे काय असतं? मी सांगायला लागले. त्यांनी आयुष्यभर डेपोतल्या टेनिस बॉलच्या मॅचेसना अंपायरिंग केलेलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं नीट, कारणासकट हवं होतं. पिचर कुठे उभा राहतो, पळणारा कुठे थांबला की वाचतो, आउट कोण देतो, त्याच्याशी कुणी भांडतं का.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही खेळायला लागलो. म्हणजे आम्ही कुंपणाच्या बाहेर, हात खिशात, आणि खेळ आत. धुक्यात नऊ माणसं उभी करायला फारशी कल्पना लागत नाही. एकदा उभी राहिली की ती हलतातही. सासरे म्हणायचे, तो बघ निघाला. मी म्हणायचे, बाबा, आउट आहे. ते म्हणायचे, आउट कसा, हात आधी टेकलाय. कुणीही न पळालेल्या धावांवरून आम्ही घरापर्यंत वाद घालत यायचो. त्यांनी त्यांच्या जन्मात बेसबॉलचा एकही सामना बघितला नव्हता, आणि परत जायच्या आधी बघणारही नव्हते, कारण सामने एप्रिलात सुरू व्हायचे. तरी आठवड्याभरात ते माझ्याइतकेच डावखुऱ्याच्या मागे लागले.

क्लबच्या अध्यक्षबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. सामन्याच्या दिवशी सॉसेज त्याच भाजायच्या आणि हिवाळ्यात खेळाडूंशी बोलणीही त्याच करायच्या. सासऱ्यांना हा सगळा मामला ताबडतोब कळला, कारण त्यांनी आपल्या चार बहिणींची लग्नं जमवली होती. जिन्यात बाई भेटल्या की ते मला विचारायला लावायचे, मुलाकडून काय निरोप? होकार स्पष्ट आहे, की नुसतं बघू म्हणतोय? बघू म्हणणाऱ्यांची स्थळं जमत नसतात, असं त्यांचं मत होतं. मी ते जर्मनमध्ये जमेल तसं सांगायचे. एका संध्याकाळी त्यांनी बाईंना वर चहालाच बोलावलं, मध्यस्थाला बसवतात तसं सोफ्यावर मधोमध बसवलं, आणि चिवड्याची बशी हातात दिली.

बाई शेंगदाणे वेचून खात होत्या. म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, पण दोन-तीन क्लब त्याच्या मागे आहेत. सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि इंग्रजीत म्हणाले, त्याच्या आईशी बोला. मुलाचं काय, मुलगा कुठेही जाईल. तिथे जेवायला काय मिळतं, पांघरूण कसं आहे, आजारी पडला तर कोण बघेल, हे आईला कळलं की ती बरोबर पाठवते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. याचा विचारच कुणी केला नव्हता."

आणि त्यांनी खरंच त्या आईला फोन केला. दोघी तासभर बोलल्या. आईने खोलीत हीटर आहे का विचारलं, चर्च किती लांब आहे विचारलं, आणि शेवटी म्हणाली की माझी काही हरकत नाही. जानेवारीच्या अखेरीस खुद्द डावखुऱ्याचा निरोप आला, येतो म्हणून. सही व्हायची होती, पण शब्द दिला होता. त्या दिवशी सासऱ्यांनी शिरा केला. नवरा घरी आला, वाटी हातात घेऊन विचारता झाला, आज काय आहे? बाबा म्हणाले, मुलाकडून होकार आला. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

त्या आठवड्यात मला एक स्वप्न पडायचं, दुपारच्या झोपेत, एकच. शेवटच्या थांब्यावर ट्राम येते. धुक्यातून डावखुरा उतरतो. डाव्या हाताच्या कोपरात त्याने काहीतरी फार जपून धरलेलं असतं, आणि तो ते मला द्यायला येतोय हे मला माहीत असतं. मी हात पुढे करते. तिथेच जाग यायची. हे स्वप्न मी कुणाला सांगितलं नाही, पण त्याच्यासाठी मी झोपायला लागले.

फेब्रुवारीत टीमची गळती सुरू झाली. पिचरचा चेंडू झेलणारा कॅचर नोकरीसाठी म्युनिककडे गेला. दुसऱ्याचा मास्टरचा प्रबंध राहिला होता. तिसरा प्रेमात पडला आणि मुलीबरोबर हँडबॉल खेळायला लागला, ज्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. मी रोज सकाळी क्लबच्या वेबसाइटवर जाऊन बघायचे आणि रोज कुणीतरी कमी व्हायचं. डावखुऱ्याची सही मात्र येत नव्हती. नवरा म्हणाला, अगं, तो एक मुलगा आहे, येईल नाहीतर नाही येणार. मी त्याच्यावर अशी खेकसले की दोघंही दचकलो. सासरे तेवढे शांत होते. गाडी सुटली असेल तर येणारच, असं ते म्हणायचे. मी एकदा चिडून विचारलं की आणि सुटलीच नसेल तर? ते म्हणाले, तेव्हाही आम्ही लोकांना हेच सांगायचो.

मार्चमध्ये, त्यांच्या जाण्याला थोडे दिवस उरले असताना, अध्यक्षबाई दुपारी वर आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करून त्यांनी उभ्यानेच सांगितलं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबने त्याला स्वतंत्र फ्लॅट दिला होता, गाडी दिली होती, मुलांना शिकवायचं कामही दिलं होतं. सही काल झाली. त्याने फोन करून माफी मागितली, त्याच्या आईनेही मागितली.

मी नको ते सगळं बोलले. दिला शब्द पाळायला काय होतं, तुम्ही लवकर का नाही हललात, सॉसेज भाजणाऱ्यांनी सॉसेज भाजावीत. शेवटचं मराठीत बोलले, एवढीच माझी अक्कल. बाई बिचाऱ्या माझा दंड थोपटत राहिल्या आणि जर्मनमध्ये 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणत राहिल्या. मी अंगात जॅकेट अडकवलं आणि निघाले. मागून सासरे येत असल्याचं मला मैदानापाशी पोचल्यावर कळलं. घाईत त्यांनी घरातल्या स्वेटरवरच मफलर गुंडाळला होता.

त्या दिवशी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. कुणीतरी उंचवट्यावरची माती नवीन करून, सपाट करून ठेवली होती. मी खूप प्रयत्न केला, पण एकही माणूस उभा राहीना. जाळी, गवत, माती, बाकी काही नाही.

"हाही आला नाही, बाबा," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय म्हणाले. सासऱ्यांनाही कळलं. मला वाटलं आता ते म्हणतील, दुसरा कुणीतरी येईल. आयुष्यभर त्यांनी लोकांना पुढच्या गाडीची आशा दाखवली होती. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली.

"नाही आला," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मीही वाट बघत होतो, बेटा. मी तर नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला तरी, मुलगी झाली तरी चालेल असं. तुम्हाला आवडतं की नाही म्हणून बोललो नाही. मग बोलायची वेळच गेली."

मी विचारलं, "कोणतं?"

त्यांनी सांगितलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. मी ते एकदा हळू म्हणून बघितलं, मग हाक मारावी तसं जरा मोठ्याने. सासऱ्यांनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. मी त्यांचा हात धरला. सहा वर्षांच्या संसारात मी सासऱ्यांचा हात पहिल्यांदा धरत होते, आणि आम्ही दोघंही रडलो. मग घरी आलो. चहा झाला, भाजी झाली, भाकऱ्या झाल्या.

संध्याकाळी नवरा आला. तो दारात वाकून बूट काढत होता तेव्हा बाबा बाहेर आले आणि त्याला म्हणाले, बाळाचं नाव मी ठरवलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं. आणि त्यांनी ते सांगितलं. नवरा एका पायात बूट तसाच ठेवून दारातच खाली बसला.

"परत सांगा," तो म्हणाला.